मॉर्गन डॉलरवरचे केस: झिजलेले की उठलेच नाहीत?

"कानावरचे केस सपाट आहेत, म्हणजे नाणं झिजलेलं." मॉर्गन डॉलर म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, आणि केस त्यावरच्या स्वातंत्र्यदेवीचे. ते नाणं हातात घेतलेल्या माणसाकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नाणं बघायच्या आधी मी बोलणाऱ्याच्या हातात भिंग देतो. अलीकडे याची उलटी बाजूही तितकीच ऐकू येते. विक्रेता म्हणतो, "अहो, झीज नाही ती, ठसाच फिका उठलाय." आणि चांगलं वापरात फिरलेलं नाणं कोऱ्याच्या भावानं गळ्यात मारतो. झीज आणि अर्धवट उठलेला ठसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक टांकसाळीच्या बाहेर घडते, दुसरी टांकसाळीच्या आत. दोन्ही नेमक्या एकाच जागी दिसतात, म्हणून एवढा घोळ होतो.

झिजेबद्दल फार सांगायला नको. आपल्याकडे नाणी जमवणारा बहुतेक जण व्हिक्टोरियाच्या रुपयावर तयार होतो. मुकुटाचे मणी बुजले, पेहरावावरची नक्षी गुळगुळीत झाली की नाणं किती हातांतून गेलं ते कळतं. तो रुपया खरोखरच दशकानुदशकं बाजारात फिरला. म्हणून सपाट म्हणजे झिजलेलं हा ठोकताळा त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा बरोबर येतो, आणि तोच ठोकताळा घेऊन आपण अमेरिकन डॉलरकडे वळतो. तिथं तो फसतो, कारण मॉर्गन डॉलरचं आयुष्यच वेगळं होतं.

1878च्या फेब्रुवारीत ब्लँड–ॲलिसन कायदा झाला. अमेरिकेच्या खजिन्यानं दर महिन्याला 20 ते 40 लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिची नाणी पाडायची, असं त्यानं बंधनच घातलं. पश्चिमेकडच्या खाणवाल्यांना गिऱ्हाईक मिळालं, पण एवढी जड नाणी खिशात बाळगायला लोक तयार नव्हते. एक डॉलर 26.73 ग्रॅमचा, म्हणजे आपल्या दोन तोळ्यांहून जास्त. लोक त्याऐवजी कागदी सिल्व्हर सर्टिफिकेट वापरत, आणि नाणी हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांतून तळघरांत पडून राहत. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर बाहेर आल्या. कार्सन सिटीच्या टांकसाळीचे उरलेले डॉलर तर सरकारनं 1972 ते 1980 या काळात टपालानं विकले. तेव्हा शंभराहून जास्त वर्षं जुना आणि तरीही कधीच बाजारात न गेलेला मॉर्गन डॉलर ही अगदी रोजची गोष्ट आहे. अशा नाण्यावर केस सपाट दिसले तर पहिला प्रश्न टांकसाळीला विचारायला हवा.

मुंबईकरांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. 1918च्या पिटमन कायद्याखाली यातले 27,02,32,722 डॉलर वितळवले गेले. पहिल्या महायुद्धात आपल्याकडे लोक नोटा देऊन रुपये मागू लागले होते आणि सरकारजवळ चांदी पुरत नव्हती. म्हणून त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी विकत घेतली आणि ती मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत रुपये पाडायला आली. पंचम जॉर्जच्या त्या काळातल्या रुपयात मॉर्गन डॉलरची चांदी असू शकते. मला हे नेहमीच फार विलक्षण वाटत आलंय.

आता ठशाकडे येऊ. ठसा म्हणजे इथं नाणं पाडायचा साचा. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग म्हणजे ठशातला सर्वांत खोल खड्डा. वरचा आणि खालचा ठसा चकतीवर दाबले गेले की चांदी त्या खड्ड्यांत शिरते, आणि सर्वांत खोल खड्डा सर्वांत शेवटी भरतो. मॉर्गनच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस हा एका बाजूचा उंच भाग, आणि त्याच्या जवळजवळ बरोबर पाठीमागे दुसऱ्या बाजूला येते गरुडाची छाती. एकाच जागच्या चांदीनं दोन्हीकडचे खड्डे भरायचे असतात. दाब पुरेसा असेल तर दोन्ही भरतात. पण ठसे लवकर फुटू नयेत म्हणून ते जरा दूर बसवले, दोघांमधलं अंतर केसभर जरी वाढलं, तरी चांदी मध्येच थांबते. केस उठत नाहीत, छातीवरची पिसंही उठत नाहीत. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत हे वारंवार झालं. 1892चा 'ओ' छापाचा डॉलर ('ओ' हे त्या टांकसाळीचं अक्षर) त्यासाठी प्रसिद्धच आहे. पूर्ण उठलेले केस असलेला 1892-ओ मिळाला तर तो जपून ठेवावा.

आता फरक ओळखायचा कसा? इथं मी मुद्दाम वेळ घेतो, कारण पुस्तकातली चित्रं पाहून हे येत नाही.

गेल्या दिवाळीत माझा भाचा न्यू जर्सीहून आला तो दोन डॉलर घेऊन. "मामा, बघ, दोन्ही सारखेच झिजलेत ना?" एक 1892-ओ, दुसरा सॅन फ्रान्सिस्कोचा 1881-एस. दोन्हींवर कानावरचे केस सपाट. ट्यूबलाइटखाली खरंच एकसारखे दिसत होते. मी ट्यूब बंद केली आणि टेबलावरचा एकच पिवळा दिवा लावला. ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडून येतो आणि नाण्याची चमक सपाट करून टाकतो. नाणं पाहायला एका जागेवरून येणारा उजेड लागतो. 1892-ओ कडेनं धरून हळूहळू कलवला. नव्या नाण्यावर उजेडाचे दोन पट्टे सायकलच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. चांदी ठशाखाली सरकताना ज्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात त्यांची ही चमक. पट्टा गालावरून गेला, कपाळावरून गेला, कानावरच्या सपाट जागी आल्यावर थोडा मंदावला, पण तिथं राखाडी डाग दिसला नाही. भिंगातून पाहिलं तर त्या सपाट जागेवर बारीक खडबडीतपणा होता, इकडेतिकडे छोटे ओरखडे आणि खड्डे. ते कोऱ्या चकतीचे मूळ ओरखडे होते. ठसा त्या जागेपर्यंत पोचलाच नाही, म्हणून ते दाबून पुसले गेले नाहीत. केसांच्या बटाही आजूबाजूनं येऊन हळूहळू विरत गेल्यासारख्या होत्या, चित्रकारानं ब्रश उचलावा तशा.

मग 1881-एस कलवला. पट्टा फिरत फिरत केसांजवळ आला आणि तुटला. सपाट जागा गुळगुळीत होती, जरा तेलकट राखाडी, आणि बटा वरून कापल्यासारख्या अचानक संपत होत्या. गालाच्या उंचवट्यावरही तोच राखाडी रंग, टोपीच्या वरच्या कडेवरही, आणि कापसाच्या पानांच्या कडांवर पुसट. शेताला लागलेल्या पाण्यासारखी झीज सगळ्या उंच जागा एकामागून एक धरत जाते. फिका ठसा तसा वागत नाही. तो मध्यभागी सर्वांत जास्त दिसतो, आणि कडेची अक्षरं, तारे पुष्कळदा धारदार राहतात.

भाच्याला मी दुसरी एक गोष्ट सांगितली, तीही उपयोगी आहे. 1879 ते 1882 या काळातले सॅन फ्रान्सिस्कोचे डॉलर सहसा इतके सुरेख उठलेले असतात की 1881-एसवर केस सपाट दिसले तर आधी झिजेचाच संशय घ्यावा. "ठसाच फिका होता" ही सबब त्या नाण्याला सहसा लागू पडत नाही. मलाही एका विक्रेत्यानं असाच एक 1881-एस कोरा म्हणून विकला होता. मी नवशिक्या होतो आणि 'फिका ठसा' हा शब्द नुकताच शिकलो होतो, त्यामुळे खात्री पटली. म्हणून हा शब्द ऐकला की मी आधी वर्ष आणि टांकसाळीचं अक्षर बघतो. टांकसाळीचं अक्षर मागच्या बाजूला पानांच्या वेलीच्या खाली असतं, आणि फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षरच नसतं.

आणखी एक अडचण. 1896-ओसारखी काही नाणी फिकी उठलेलीही असतात आणि वापरलीही गेलेली. तिथं केसांकडे बघून काहीच ठरत नाही. मी गालाकडे आणि टोपीच्या कडेकडे बघतो, कारण तिथं ठसा फिका असला तरी चमक असायला हवी. ती तुटलेली असेल तर नाणं फिरलेलं आहे, मग केस कसेही असोत.

हे सगळं एवढं लांबवायचं कारण पैशाचं आहे. नाण्याची अवस्था 1 ते 70 अंकांत सांगणाऱ्या शेल्डन मापावर 60 आणि त्यावरचे अंक न वापरलेल्या नाण्यांचे, 50 ते 58 किंचित वापरलेल्यांचे. मधे दोनच अंकांचा खड्डा आहे. पण 1884-एससारख्या नाण्यात तो खड्डा फार खोल होतो. 32 लाख पाडलेलं हे नाणं झिजलेल्या अवस्थेत सहज मिळतं आणि न वापरलेलं अत्यंत दुर्मीळ. तिथं झीज आणि फिका ठसा यांत चूक केली तर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पण माझी स्वतःची निवड सांगायची तर, पूर्ण उठलेलं 58 आणि चपटं 62 यांत मी डोळे मिटून 58 घेईन. केसांची प्रत्येक बट दिसणारं नाणं बघायला मिळतं, आणि मी नाणी बघण्यासाठी जमवतो.

बाकीचे गोंधळ किरकोळ. पिशवीत नाण्यावर नाणं आपटून पडलेल्या चरा म्हणजे झीज नव्हे. त्या तीक्ष्ण असतात, चमक मधेच खणलेली दिसते. 1921च्या मॉर्गनवर केस आणि पिसं मुळातच उथळ आहेत, कारण जुने मूळ ठसे नष्ट केले गेल्यावर नवे ठसे कमी उठावाचे बनवले गेले. त्याला ना झिजलेलं म्हणा, ना फिकं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या चांदीच्या नाण्यासारखं हे नाणं दंतमंजनानं, राखेनं किंवा पावडरनं घासू नका. घासलं की ते लखलखतं, पण चमकीच्या त्या बारीक रेषा निघून जातात आणि उजेडाचा पट्टा कुठंच फिरत नाही. मग केस उठले नव्हते की झिजले, हे कुणालाच सांगता येत नाही. भाच्याच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, 1881-एस पुसायला मऊ कापड काढलं होतं. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि दोन्ही नाणी कडेनं धरून पुन्हा डबीत ठेवली.