पोह्यात कांदा, पिशवीत कांदे

पोह्यांचा पहिला घास घेऊन कुणीतरी म्हणतं, "कांदा जरा जास्तच झालाय." बाजारातून पिशवी ओढत आणणारा म्हणतो, "कांदे जास्त झाले." पहिला कांदा चिरून कढईत गेलेला, त्याची आता गणती नाही. दुसरे अजून एकेक उचलून मोजता येतात. हा फरक आपण एकवचन-अनेकवचनावर निभावून नेतो, 'जास्त' जागचा हलत नाही. इंग्रजीत मात्र नामाआधीचा शब्दही बदलतो: कढईत 'टू मच अनियन', पिशवीत 'टू मेनी अनियन्स'.

नामाआधी बसणाऱ्या अशा शब्दांना डिटर्मिनर म्हणतात. 'अ', 'ईच', 'मेनी', 'फ्यू' यांना मोजता येणारं, म्हणजे गणनीय नाम लागतं. 'मच' आणि 'लिटल' यांना अगणनीय. 'द', 'सम', 'एनी' दोन्हीकडे चालतात. आपलं 'किती' तसंच, किती दूध आणि किती माणसं, दोन्हीला पुरतं. म्हणून मराठी माणसाच्या तोंडून 'हाऊ मच पीपल' सहज निसटतं.

शाळेत नियम सांगतात की मोजता येतं ते गणनीय, बाकीचं अगणनीय. ऐकायला सोपा आहे, पण तो वस्तूंबद्दल बोलतो आणि भाषा शब्दांबद्दल. आपलंच स्वयंपाकघर पाहा. मूग भिजवले, पण मटकी भिजवली. दाणे साधारण एकाच आकाराचे, तरी मूग अनेकवचनी आणि मटकी एकवचनी. पोहे भिजवतो, साबुदाणा भिजवतो. साबुदाण्याचा दाणा मोत्यासारखा सुटा दिसतो, खिचडी बिघडली नसेल तर, पण म्हणून 'साबुदाणे भिजवले' असं कोण म्हणतं? इंग्रजीत गहू, म्हणजे 'व्हीट', अगणनीय आणि ओट्स अनेकवचनी. आपण मात्र गहू 'दळून आणले' म्हणतो. दाण्याकडे पाहून यातलं काहीही ओळखता येणार नाही.

आणि शब्द पक्षही बदलतात. इंग्रजीत वाटाण्याचा जुना शब्द 'पीज' होता, आणि तो आपल्या मटकीसारखा एकवचनी, ढिगाचा शब्द होता. शेवटचा 'ज' मूळ शब्दातलाच. पण लोकांना तो अनेकवचनाचा वाटला, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास त्यांनी तो छाटून 'पी' हा एक वाटाणा तयार केला. चेरीचीही गोष्ट अशीच आहे.

मग 'फर्निचर' हा अगणनीय शब्द वापरणाऱ्या इंग्रजाला खुर्च्या-टेबलं वेगवेगळी दिसत नाहीत की काय? डेव्हिड बार्नर आणि जेसी स्नेडेकर या मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच तपासलं. एकीकडे मोठ्या पण थोड्या वस्तू, दुसरीकडे लहान पण पुष्कळ; जास्त कुणाकडे? टूथपेस्टबद्दल विचारलं तर लोक एकूण आकारमान पाहत, बुटांबद्दल विचारलं तर संख्या. फर्निचर व्याकरणाने टूथपेस्टच्या रांगेतलं, पण तिथेही लोकांनी नग मोजले. म्हणजे मनाला वस्तू सुट्या दिसतात, व्याकरण फक्त त्यांना 'मेनी' लावू देत नाही.

'नग' हा शब्द इथे फार कामाचा आहे. स्टेशनवर हमाल "सामान किती?" म्हणतो आणि लगेच "किती नग?" असंही विचारतो. 'पाच सामानं' म्हणत नाही. 'फाइव्ह पीसेस ऑफ लगेज' हे याहून वेगळं काही नाही. टपरीवर आपण "दोन चहा" सांगतो तेव्हा ग्लास गृहीत असतो, आणि इंग्रज 'टू कॉफीज' मागतो तेव्हा कप.

मला खरं नवल वाटतं ते 'इन्फर्मेशन्स'चं. इंग्रजीत 'इन्फर्मेशन' अगणनीय, तरी आपल्याकडच्या अर्जांत, ई-मेलांत हा शब्द हमखास भेटतो आणि दोष मातृभाषेवर जातो. पण मराठीत 'चार माहित्या' कोण म्हणतं? इथे मराठीचं ऐकलं असतं तर चूक टळली असती. केस, पैसे, बातम्या यांच्या बाबतीत मात्र मराठी फसवते. 'हेअर', 'मनी', 'न्यूज' तिन्ही अगणनीय, 'न्यूज'ला शेवटी 'स' दिसत असला तरी. अपवाद एकच: आमटीत सापडलेला केस 'अ हेअर' असतो, तो एकटा असतो म्हणून.

'फ्यू' आणि 'अ फ्यू'मधला 'अ' एवढासा दिसतो, पण अर्थ उलटवतो. 'फ्यू फ्रेंड्स' म्हणजे फारसे मित्र नाहीत. 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे आहेत थोडेफार. दुधाच्या बाबतीत 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही तेच. आपण हे काम 'नाही' लावून करतो.

'लेस' आणि 'फ्युअर'चं भांडण मात्र इंग्रजांनी उगाच ओढवून घेतलं. मोजता येणाऱ्या नामाला 'लेस' लावणं नवव्या शतकात राजा आल्फ्रेडच्या लेखनातही सापडतं. 1770 साली रॉबर्ट बेकर या लेखकाने तिथे आपल्याला 'फ्युअर' अधिक बरं वाटतं असं लिहिलं. त्याची ती आवड पुढे नियम होऊन बसली: मोजता येतं तिथे 'फ्युअर', येत नाही तिथे 'लेस'. सुपरमार्केटच्या झटपट काउंटरवरच्या 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाटीवर लोक वर्षानुवर्षं चिडत राहिले. शेवटी 2008 साली टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केट साखळीने पाटी बदलायला घेतली, आणि नवीन पाटीवर लिहिलं: 'अप टू टेन आयटम्स'. 'लेस' नाही, 'फ्युअर'ही नाही.