उष्मांक मोजणी

दिवसभरात खाल्लेली आणि शरीराने खर्चलेली ऊर्जा नोंदवून ठेवण्याची पद्धत. वजन घटवणे, वाढवणे किंवा आहे तेवढे राखणे हा तिचा नेहमीचा हेतू. पूर्वी एक वही आणि एक तक्ता एवढ्यावर भागत असे. आता मोबाइलमधले ॲप खाण्याची बाजू सांभाळते आणि मनगटावरचे घड्याळ खर्चाची. दोन्हीकडचे आकडे अगदी एककापर्यंत दिसतात, आणि या पद्धतीविषयीचे बरेचसे गैरसमज त्या दिसण्यातूनच निघतात. प्रत्यक्षात दोन्ही आकडे सरासरीवर बेतलेले अंदाज आहेत.

आहाराच्या बोलण्यातली कॅलरी ही शास्त्रीय भाषेत किलोकॅलरी होय. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला लागणारी ही उष्णता, म्हणजे ४.१८४ किलोज्यूल.

प्राण्यांचा श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हे १७८०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये लव्हाझ्ये आणि लाप्लास यांनी दाखवले. बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो, ते त्यांनी मोजले. पुढे जर्मनीत माक्स रुबनर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून अन्नातून आत जाणारी ऊर्जा आणि शरीरातून बाहेर पडणारी ऊर्जा यांचा हिशेब जुळतो, हे सिद्ध केले. पण आजची मोजणी ज्या आकड्यांवर उभी आहे ते विल्बर ॲटवॉटर यांचे. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात १८९०च्या दशकात त्यांनी एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या साथीने एक बंद खोली बांधली. माणूस तिच्यात काही दिवस राहायचा, जेवायचा, झोपायचा, सायकल चालवायचा. आणि बाहेर बसलेले संशोधक त्याची उष्णता, श्वासातले वायू, मलमूत्र असे सगळे मोजत राहायचे.

ॲटवॉटर यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्या मर्यादाही तिच्यातच दिसतात. एक ग्रॅम प्रथिन उपकरणात पूर्ण जाळले तर सुमारे ५.६५ किलोकॅलरी मिळतात. शरीराला मात्र प्रथिनातला नायट्रोजन तसा जाळता येत नाही; तो युरियाच्या रूपाने लघवीवाटे जातो आणि सोबत सुमारे १.२५ किलोकॅलरी घेऊन जातो. उरलेल्यातला सरासरी ८ टक्के भाग पचतच नाही. हाती राहतात ४. याच रीतीने कर्बोदकांचे ४ आणि स्निग्ध पदार्थांचे ९ ठरले. मद्यार्काचे ७ धरतात, तंतुमय पदार्थांचे बहुतेक ठिकाणी २. यातला ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा. ॲटवॉटर यांचे गुणक मिश्र आहारासाठी होते, एकेका पदार्थासाठी नव्हते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील मेरिल आणि वॉट यांनी १९५५ साली निरनिराळ्या अन्नगटांसाठी वेगळे गुणक दिले खरे, पण सोयीमुळे ४-४-९ हेच त्रिकूट टिकले.

त्यामुळे पाकिटावर छापलेल्या आकड्यासाठी कुणी तो पदार्थ जाळून पाहिलेला असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो गुणाकाराने काढलेला असतो. कायद्यानेही त्याला सवलत दिली आहे : अमेरिकेच्या नियमानुसार प्रत्यक्ष उष्मांक छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाले तरी चालतात. आणि गुणाकार बिनचूक असला तरी पचनाचा प्रश्न राहतोच. अख्ख्या बदामांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८ ग्रॅममागे सुमारे १७० ऐवजी १२९ किलोकॅलरीच शरीराला मिळतात असे आढळले. बदामाच्या पेशींच्या भिंती चावण्याने पूर्ण फुटत नाहीत आणि आतला स्निग्धांश तसाच बाहेर जातो. म्हणजे तोच पदार्थ अख्खा, भाजलेला, कुटलेला किंवा वाटलेला असेल त्याप्रमाणे शरीराला मिळणारी ऊर्जा बदलते. ॲपमधल्या यादीत मात्र त्याची बहुधा एकच ओळ असते.

खर्चाची बाजू याहून निसरडी आहे. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या खर्चाचा ६० ते ७० टक्के भाग श्वास, हृदय, मेंदू, यकृत, शरीराचे तापमान अशा नुसते जिवंत राहण्याच्या कामांत जातो. सुमारे १० टक्के खाल्लेले पचवण्यात जातो. यात प्रथिने सर्वांत खर्चिक, त्यांच्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के वाटा त्यांच्याच पचनावर आणि चयापचयावर पडतो. उरलेला भाग हालचालींचा. विश्रांतीतला खर्च काढण्यासाठी हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ साली सूत्र दिले; आज मिफ्लिन-सेंट जोर हे १९९० सालचे सूत्र अधिक चालते. त्यात वजनाच्या किलोंना १० ने, उंचीच्या सेंटीमीटरांना ६.२५ ने आणि वयाच्या वर्षांना ५ ने गुणतात, पहिल्या दोन गुणाकारांच्या बेरजेतून तिसरा वजा करतात. पुरुषासाठी ५ मिळवतात, स्त्रीसाठी १६१ वजा करतात. ६० किलो वजनाच्या, १६० सेंटीमीटर उंचीच्या, ३५ वर्षांच्या स्त्रीसाठी उत्तर येते १२६४. वय, वजन, उंची सारखी असलेल्या दोन व्यक्तींचा खरा खर्च शंभर-दीडशेने सहज वेगळा असू शकतो, हे सूत्राला कळत नाही.

वाढत्या वयात ‘चयापचय मंदावतो’ ही समजूतही यात मिसळलेली असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संशोधनात २९ देशांतील ६,४२१ जणांची मोजमापे होती. शरीराचा आकार आणि घडण हिशेबात घेतल्यावर २० ते ६० या वयात खर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि त्यानंतर हळूहळू उतरतो, असे त्यात दिसले. ही मोजमापे द्विचिन्हांकित पाण्याच्या पद्धतीने घेतात : हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड समस्थानिके असलेले पाणी पाजायचे आणि ती शरीरातून किती वेगाने कमी होतात ते लघवीच्या नमुन्यांतून पाहायचे. रोजच्या जगण्यातला खर्च मोजण्याची ही सर्वांत विश्वासार्ह रीत, पण महाग.

घड्याळाला यातले काहीच करता येत नाही. हाताची हालचाल, प्रकाशाने टिपलेली नाडी आणि आपण भरलेले वय-वजन एवढ्यावरून ते ऊर्जेचा अंदाज बांधते. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणे तपासली, तेव्हा सहांनी नाडी ५ टक्क्यांच्या फरकाने बरोबर सांगितली. ऊर्जेचा खर्च सांगताना मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३.

यात आणखी एक गफलत होते, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. ६० किलोचा माणूस तासभर मध्यम वेगाने चालला तर त्याचा खर्च सुमारे २१० किलोकॅलरी दाखवतात. पण त्यातल्या ६० तो नुसता बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई १५०. एकूण आणि निव्वळ आकडा वेगवेगळा न दाखवणारे ॲप ‘कमावलेले’ २१० पुन्हा खायला मोकळीक देते, आणि महिनाभर घाम गाळूनही काटा का हलत नाही हे कोडे सुटत नाही.

तरीही सर्वांत मोठी चूक यंत्राची नसते. आपण फारच कमी खातो तरी वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या काही जणांचा न्यूयॉर्कमध्ये झालेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा चयापचय ठीक होता. त्यांनी खाणे सरासरी ४७ टक्के कमी नोंदवले होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. यात लबाडी असतेच असे नाही. चमचाभर तेल, उभ्या उभ्या घेतलेला घास, ‘मध्यम वाटी’ या शब्दाची लवचीकता, एवढ्यानेही बराच फरक पडतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा नोंदीत जेवढी सुधारणा करतो तेवढी कोणतेही महागडे घड्याळ करत नाही.

७,७०० किलोकॅलरींची तूट म्हणजे एक किलो वजन कमी, हा ठोकताळा १९५८ पासून प्रचलित आहे. थोड्या काळापुरता तो चालतो. पण वजन उतरले की लहान झालेले शरीर खर्चही कमी करते आणि उतार सपाट होत जातो. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबानुसार रोजच्या आहारात कायमची सुमारे २४ किलोकॅलरींची घट केली तर अखेरीस एक किलो वजन घटते. त्यातली निम्मी घट व्हायला साधारण वर्ष लागते.

इतक्या चुका असूनही मोजणी उपयोगी पडते, कारण एकाच माणसाने एकाच रीतीने ठेवलेल्या नोंदीतल्या चुका बऱ्याच अंशी सारख्याच राहतात. दोन-तीन आठवड्यांची नोंद आणि त्याच काळातले सरासरी वजन शेजारी ठेवले की आपल्या नोंदीतला कोणता आकडा वजन स्थिर ठेवतो ते कळते. तो आकडा सूत्राच्या उत्तरापेक्षा जास्त कामाचा, मग तो खरा असो वा नसो. एकेका दिवसाच्या बेरजेला तेवढा अर्थ नसतो; पाणी आणि मीठ यांमुळेच वजन रोज किलो-दीड किलोने वरखाली होऊ शकते.

उष्मांकांवरून आहाराची प्रत कळत नाही. जीवनसत्त्वे, लोह, तंतू यांचा त्यात पत्ता नसतो. वाढत्या वयाची मुले आणि गर्भवती यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तुटीचा आहार घेऊ नये. ज्यांना खाण्यासंबंधीचा मानसिक विकार आहे किंवा पूर्वी होता, त्यांच्या बाबतीत ही नोंदच विकाराला खतपाणी घालू शकते. आकडा भरल्याशिवाय घास घ्यायची भीती वाटू लागणे ही त्याची खूण. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींची गरज वेगळी आहे. जेवणाआधीचा डोस उष्मांकांवर ठरत नाही, त्यामुळे त्यांच्यातले अनेक जण कर्बोदकांचे ग्रॅम मोजतात.