ॲसिडची रात्र वेगळी, रेटिनॉलची रात्र वेगळी

"आत्ये, साधा पाणी लावलंय तरी तोंडाक आग लागता गो." मे महिन्यातल्या एका सकाळी माझी भाची वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी आली आणि पडवीत टेकता टेकता हेच सांगायला लागली. नाकपुड्यांच्या कडेला पांढरट पापुद्रे सुटले होते. हनुवटीवरचं कातडं ताणून मेण लावल्यासारखं चकाकत होतं. तिने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक १० टक्के ग्लायकोलिक ॲसिडची, दुसरी रेटिनॉलची. बारा रात्री ती दोन्ही एकापाठोपाठ एक लावत होती. "दोनय साल काढणारीच मा? एकदम लावलंय तर बेगीन होतला," हा तिचा हिशोब.

मी औषधांच्या दुकानात बसते, त्यामुळे हा हिशोब मला नवा नाही. "ते साल काढणारं द्या," असं म्हणत येणाऱ्या दहाजणींपैकी काहींना ॲसिड हवं असतं, काहींना रेटिनॉल, आणि बऱ्याच जणींना दोहोंत फरक आहे हेच ठाऊक नसतं. दोन्हींनी कधी ना कधी साल निघते, हे खरं. पण ती वेगळ्या कारणाने निघते आणि वेगळ्या दिवशी निघते. गोंधळ होतो तो यामुळेच.

आपल्याकडची जांभ्या चिऱ्यांची भिंत डोळ्यांपुढे आणा. त्वचेचा सगळ्यात वरचा थर तसाच रचलेला असतो. मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे चिरे. त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड यांचा स्निग्ध लेप. शिवाय शेजारच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी बांधलेल्या असतात. ग्लायकोलिक, लॅक्टिक यांसारखी ॲसिडं या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला काम करतात. ती टाके सैल करतात आणि सुटायला आलेले चिरे वेळेआधी गळून पडतात. रेटिनॉल भिंतीपाशी थांबत नाही, ते थेट चिरेखाणीत उतरतं. त्वचेच्या तळाशी जिथे नव्या पेशी तयार होतात तिथे ते पोचतं आणि पेशी किती वेगाने, कशा घडाव्यात याचे हुकूमच बदलतं. खाणीतून माल भराभर यायला लागला की वरचा जुना थर ढकलला जातो, आणि त्याचे पापुद्रे निघतात.

म्हणून ॲसिड लावताक्षणी चुणचुणतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा तुकतुकीत दिसतो. काम झालं की नाही ते लगेच कळतं. रेटिनॉल लावलं की पहिल्या रात्री बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. आग, कोरडेपणा, पापुद्रे हे सगळं चौथ्या-पाचव्या दिवशी, कधी दोन आठवड्यांनी येतं, आणि खरा फायदा दिसायला साधारण बारा आठवडे लागतात. मी सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालेलं पाहिलं आहे. काहीच होत नाही म्हणून माणूस जास्त लावतो, रोज लावतो, वर ॲसिडही चढवतो. मग एका सकाळी सगळं एकदम अंगावर येतं आणि दोष कुणाचा ते ओळखता येत नाही. भाचीने नेमकं हेच केलं होतं.

नावंही घोळात भर घालतात. रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. त्वचेत शिरल्यावर त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड होतं आणि मग रेटिनॉइक ॲसिड, आणि काम करतं ते हे शेवटचं रूप. नावात ॲसिड असलं तरी साल सोडवणाऱ्या ॲसिडांशी त्याचं काही नातं नाही. हेच रूप थेट ट्यूबमध्ये भरलं की त्याला ट्रेटिनॉइन म्हणतात. अमेरिकेत १९७१ मध्ये त्याला मुरमांवरचं औषध म्हणून परवानगी मिळाली. त्याच घराण्यातलं, मुरमांवरचंच ॲडापलीन बरंच नंतरचं, १९९६ चं. ही दोन्ही आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं आहेत आणि ती चिठ्ठीवरच घ्यावीत. रेटिनॉल मात्र सौंदर्यप्रसाधन म्हणून सहज मिळतं. आणि हायलुरॉनिक ॲसिड? ते तर कुणाचीच साल काढत नाही, फक्त पाणी धरून ठेवतं. "ॲसिड आहे, नको" म्हणून तेवढंच बाजूला ठेवणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत, आणि वाईट वाटतं, कारण भाजलेल्या चेहऱ्याला तेच चालण्यासारखं होतं.

ॲसिडांमध्येही निवड आहे. ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यांत लहान, त्यामुळे तो पटकन आत शिरतो आणि झोंबतोही. लॅक्टिक त्यापेक्षा सौम्य. मँडेलिकचा रेणू मोठा असल्याने तो सावकाश शिरतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेने सुरुवात करायची तर मी मँडेलिक किंवा ५ टक्क्यांचं लॅक्टिक सांगते. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून ते रंध्रातल्या तेलात उतरू शकतं. नाकावरचे काळे ठिपके, तेलकट कपाळ, बारीक मुरमं यांच्यासाठी ते, २ टक्क्यांपर्यंतचं. लिंबू मात्र चेहऱ्यावर चोळू नका, हे अगदी कळकळीने सांगते. त्याची आम्लता बाटलीतल्या ॲसिडासारखी बेतलेली नसते. शिवाय लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर भाजून तपकिरी ओघळ उठतात आणि ते महिनोन्महिने राहतात.

डागांचं इतकं मनावर घेते त्याला कारण आहे. आंबे उतरवताना देठाचा चीक गालावर उडाला की काय होतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. जखम आठवड्यात भरते, काळा डाग पावसाळा उलटला तरी जात नाही. आपली त्वचा कुठल्याही भाजण्याला असंच उत्तर देते. डाग घालवायला लावलेल्या क्रीमने आग झाली, तर त्या आगीचाच नवा डाग पडतो. गोऱ्या कातडीवर लाली दिसते आणि माणूस वेळीच थांबतो. आपल्यावर ती लवकर दिसत नाही, म्हणून हाताने तपासावं: गाल गरम लागतो का, हसताना ताणतो का, साध्या पाण्याने चुणचुणतो का. यातलं एक जरी असेल तर त्या रात्री दोन्ही बाटल्या बंद.

आता रात्रींची पाळी. न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. व्हिटनी बो यांनी चार रात्रींची एक फेरी 'स्किन सायकलिंग' या नावाने लोकप्रिय केली: पहिल्या रात्री ॲसिड, दुसऱ्या रात्री रेटिनॉइड (म्हणजे रेटिनॉलच्या घराण्यातलं काहीही), तिसरी आणि चौथी रात्र विश्रांतीची, मग पुन्हा पहिल्यापासून. रचना मला पटते, कारण तिच्यात निम्म्या रात्री सुट्टीच्या आहेत आणि भिंतीतला चुना भरून यायला तेवढा वेळ लागतोच. पण नवख्या माणसाने पहिल्याच आठवड्यापासून ही फेरी धरू नये, असं माझं मत आहे. आधी दोन आठवडे सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन एवढंच. मग आठवड्यातून एकच रेटिनॉलची रात्र, महिनाभर. चेहरा शांत राहिला तर आठवड्यात एक ॲसिडची रात्र घालावी, तीही रेटिनॉलपासून दोन-तीन रात्री लांब. चार रात्रींची फेरी त्यानंतरची. कित्येकींना तिची गरजही पडत नाही.

रेटिनॉलच्या रात्री सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांची खोबण आणि ओठांचे कोपरे यांना आधी थोडं मॉइश्चरायझर लावून झाकावं. त्वचा नाजूक असेल तर खाली मॉइश्चरायझर, मध्ये रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. विश्रांतीच्या रात्री ग्लिसरीन, सेरामाइड असलेलं साधं क्रीम, आणि दुसरं काहीच नाही. या रात्रींत "निदान एक सीरम तरी" असं मन म्हणतं. त्याचं ऐकू नये.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ओल्या त्वचेत रेटिनॉल आणि ॲसिड जास्त शिरतं, म्हणून चेहरा पूर्ण कोरडा हवा. आषाढातल्या रात्री आपला चेहरा धुऊन पुसला तरी मिनिटभरात घामाने पुन्हा चिकट होतो. दहा मिनिटं पंख्याखाली बसून मगच लावावं. लाइट गेली असेल तर ती रात्र सोडून द्यावी, काही बिघडत नाही. रेटिनॉल उजेडाने, हवेने आणि उष्णतेने खराब होतं, तेव्हा मे महिन्यात बाटली खिडकीत किंवा पत्र्याखालच्या न्हाणीघरात न ठेवता कपाटात, घट्ट झाकण लावून ठेवावी. पिवळी पडली, वास बदलला तर टाकावी.

मॉइश्चरायझर ऋतूप्रमाणे बदलावं. पावसाळ्यात जेलसारखं हलकं, पौषात पहाटेचे मतलई वारे सुटले की घट्ट. मुठेल चेहऱ्याला चालेल का, असं मला नेहमी विचारतात. कोकमाच्या बियांचं हे तूप भेगाळलेल्या टाचांना माझ्या आजीच्या काळापासून आहे आणि थंडीत ओठांना, कोपरांना ते छानच. पण दमट हवेत सगळ्या चेहऱ्यावर, त्यातही मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर, मी ते देत नाही. खोबरेल तर मुरमांच्या चेहऱ्याला नकोच, त्याने रंध्रं बुजतात.

ऊन हा मोठा मुद्दा. ग्लायकोलिक-लॅक्टिकच्या घराण्यातली ॲसिडं त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात आणि बंद केल्यावरही आठवडाभर तो परिणाम राहतो. समुद्रकाठी ऊन वरूनच येतं असंही नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणं परत फेकतो. जिला वांग आहे तिने सकाळी सनस्क्रीन लावायची तयारी नसेल तर रात्रीचं काहीच सुरू करू नये.

गणपतीच्या आधी पार्लरात गर्दी होते, तेव्हाचंही लक्षात ठेवा. रेटिनॉल चालू असताना वरच्या ओठावर वॅक्स केलं तर केसांबरोबर कातडीचा पापुद्राही उचलला जातो. निदान आठवडाभर आधी ते थांबवा, आणि पार्लरवालीला सांगा. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉलपासून ट्रेटिनॉइनपर्यंत सगळं घराणंच बंद. उरलेल्याचं डॉक्टरांना विचारून.

आणि एक तिसरी ट्यूब या दोघांत घुसते, तिची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं तिहेरी मिश्रण असलेलं क्रीम. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. आठवड्याभरात चेहरा उजळतो, म्हणून "रात्रीचं क्रीम" म्हणून ते शेजारणी-शेजारणींत फिरतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसांसाठी दिलेलं ते औषध आहे. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, आणि बंद केलं की चेहरा पेटतो. स्टेरॉइडची मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम आहे. आपल्या ट्यूबवर शेवट 'सोन'ने होणारं नाव दिसलं तर ती रोजच्या पाळीत धरू नका. वर्षभर लावत असाल तर एकदम सोडूही नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

भाचीच्या दोन्ही बाटल्या मी पाच आठवडे माझ्या कपाटात ठेवल्या. साधं क्रीम, सनस्क्रीन, बाकी काही नाही. पापुद्रे चौथ्या दिवशी थांबले, पाण्याची आग जायला तीन आठवडे लागले. हनुवटीवरचा डाग अजून थोडा आहे. जूनच्या शेवटी तिला रेटिनॉल परत दिलं. ग्लायकोलिकऐवजी मँडेलिक घ्यायचं ठरलं आहे, पण अजून घेतलेलं नाही. तिच्या खोलीतल्या कॅलेंडरवर दर मंगळवारी पेन्सिलीने 'रे' लिहिलेलं असतं. जुलैच्या पानावरचे दोन 'रे' खोडलेले आहेत. त्या दोन्ही रात्री लाइट नव्हती.