मेल्याचं सोंग किती वेळ करायचं?

अस्वल मेलेल्या माणसाला शिवत नाही, ही समजूत दोन मित्रांच्या गोष्टीमुळे आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की पुण्याजवळच्या गावांत बिबट्या दिसल्याची बातमी आली तरी कुणीतरी सल्ला देतंच, "मेल्यासारखं पडून राहायचं." कृपा करून असं करू नका. बिबट्यासमोर खाली वाकायचंही नसतं. आणि अस्वलांना मेलेल्या जनावराचं वावडं अजिबात नसतं. उत्तर अमेरिकेत तपकिरी अस्वल पिल्लांच्या रक्षणासाठी अंगावर आलं, तर पालथं पडून मान हातांनी झाकायला सांगतात हे खरं. पण तिथे अस्वल जातं ते धोका टळला असं वाटून.

मग किडे, साप, कोळी मेल्याचं सोंग का करतात? डार्विनने सोंग घेतलेल्या किड्यांची आणि कोळ्यांची ठेवण खरोखर मेलेल्यांशी ताडून पाहिली होती. ती जुळली नाही. म्हणजे किडा मरणाची नक्कल करत नाही, तो फक्त निश्चल होतो. खरी गंमत त्या निश्चलपणात आहे, आणि त्याहून अधिक त्याच्या वेळेत.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर खडकाच्या आडोशाला, भुसभुशीत कोरड्या मातीत, नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात. तळाशी दडलेली अँटलायन नावाच्या किड्याची अळी घसरून येणाऱ्या मुंग्या पकडते. तिला हलक्या हाताने तळहातावर घ्या. ती थिजते. अंगावरचा मातीचा कणही हलत नाही. मग केव्हातरी, काही कारण नसताना, मागे मागे सरकू लागते. (पाहून झालं की तिला मातीत परत सोडा.)

हे "केव्हातरी" फार महत्त्वाचं आहे. डार्विनने एक भुंगेरा २३ मिनिटं निपचित राहिल्याचं नोंदवलं होतं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या नायजेल फ्रँक्स यांच्या गटाने २०२१ मध्ये अशाच एका अळीची ६१ मिनिटांची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधीच त्यांना दिसलं होतं की या वेळा किरणोत्सारी अणूंच्या ऱ्हासासारख्या वागतात, म्हणजे त्यांना अर्धायुकाल (उरलेल्यांपैकी निम्मे कमी व्हायला लागणारा ठरावीक वेळ) असतो. समजा तो पाच मिनिटं धरला. शंभर अळ्या थिजल्या तर पाच मिनिटांनी साधारण पन्नास उरतील, दहाने पंचवीस, पंधराने बारा-तेरा. अणूला आपलं वय ठाऊक नसतं. तसंच अळी कितीही वेळ पडून असली, तरी पुढच्या मिनिटात ती हलण्याची शक्यता तेवढीच राहते.

आता पक्ष्याच्या बाजूने विचार करा. सगळ्या अळ्या बरोबर पाच मिनिटांनी हलल्या असत्या, तर पक्षी पाच मिनिटं थांबायला शिकले असते. इथे मात्र दहा मिनिटं ताटकळलेल्या पक्ष्याला पुढच्या मिनिटाबद्दल आत्ताच आलेल्या पक्ष्याइतकंच कळतं. थांबून त्याच्या पदरात काहीच पडत नाही, आणि शेजारी दुसरी अळी हलत असेल तर तो तिकडे वळतो. हितोपदेशातलं हरीण पोट फुगवून पडतं आणि कावळ्याने इशारा करताच पळतं. तिथे सगळं ठरलेलं. अळीचं काहीच ठरलेलं नाही, आणि तेच तिला वाचवतं. इतकं साधं गणित जीव वाचवू शकतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

जाता जाता: जत्रेत एखादा बाबा मंत्र पुटपुटत कोंबडी निपचित पाडतो, तेव्हा घडतं तेही याच जातीचं. कोंबडी थोडा वेळ दाबून धरली की ती थिजते. अथानासियस किर्शर या जर्मन विद्वानाने १६४६ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. मंत्राचा त्यात काडीचाही वाटा नाही.

हे सोंग रक्तात असतं का? याचं उत्तर आपल्या रव्याच्या डब्यातल्या तांबड्या भुंगेऱ्याने दिलं. जपानच्या ओकायामा विद्यापीठात ताकाहिसा मियाताके यांनी जास्त वेळ थिजणारे आणि झटकन उठणारे भुंगेरे पिढ्यानपिढ्या वेगळे वाढवले. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की उड्या मारणाऱ्या कोळ्यासमोर सोडल्यावर जास्त वेळ थिजणारेच अधिक वाचतात. त्यांच्या मेंदूत डोपामिन हे संदेश पोचवणारं रसायन कमी आढळलं. भुंगेऱ्यांना कॅफिन खाऊ घातल्यावर थिजण्याचा वेळ घटला.

मग सगळेच भुंगेरे असे का झाले नाहीत? कारण जास्त वेळ थिजणाऱ्या वाणाचे भुंगेरे एरवीही कमी हिंडतात, आणि त्यांतल्या नरांना माद्या कमी मिळतात. कोळी आसपास असेपर्यंत हा सौदा परवडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, जिथे कोळी शिरूच शकत नाही, तिथे मात्र हिंडणाऱ्याचंच फावणार.