ढकलायची गोळी आणि आणायची गोळी

गौरी जवळ आल्या की आमच्या घरात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची एक स्ट्रिप येतेच, यंदा दोन आल्या. एक जाऊबाईंची, ढकलायला. दुसरी पुतणीची, तिला पीसीओएस (ओव्हरीतून अंडं वेळेवर न फुटण्याचा त्रास) आहे आणि अडीच महिने पाळीच नव्हती म्हणून डॉक्टरांनी दिलेली, पाळी आणायला. दोन्हीवर नाव एकच, नॉरएथिस्टेरॉन 5 एमजी. जाऊबाई म्हणाल्या मेडिकलवाल्याने घोळ केलाय, परत घेऊन जा. पण घोळ नव्हताच, गोळी खरंच एकच आहे. एकच गोळी पाळी ढकलते पण आणि आणते पण, हे कसं, ते कळायला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्यातला फरक कळायला हवा. आपण दोघांनाही "बायकांचे हार्मोन" म्हणून एकाच पिशवीत टाकतो आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

आमचं माहेर कोकणातलं, त्यामुळे मला हे भातावरून समजतं. लावणी झाली की रोप नुसतं उंच होत जातं, पण एकदा भात निसवलं, म्हणजे कणीस बाहेर पडलं, की उंची थांबते आणि दाण्यात दूध भरायला लागतं. गर्भाशयाच्या अस्तराचं तसंच. पाळी संपते तेव्हा ते जेमतेम 2-4 एमएम असतं. मग ओव्हरीत अंडं वाढायला लागतं, ते इस्ट्रोजेन सोडतं आणि त्यावर अस्तर भराभर वाढतं, पेशी दुप्पट-चौपट होतात, सरळसोट ग्रंथी उभ्या राहतात, रक्तवाहिन्या लांबतात, आणि अंडं फुटायच्या सुमाराला जाडी साधारण 8 ते 12 एमएम होते. फॉलिक्युलर स्टडीला, म्हणजे सोनोग्राफीवर अंड्याची वाढ बघायला, गेलेल्या बायकांना हे आकडे पाठच असतात.

अंडं फुटलं की मागे जी पिवळी गाठ उरते ती प्रोजेस्टेरॉन बनवते. बऱ्याच जणींना वाटतं हे आलं की अस्तर आणखी वाढतं. नाही, हे आलं की वाढ थांबते! ग्रंथी नागमोडी होतात, त्यांच्यात ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा साठा भरतो, आजूबाजूच्या पेशी फुगून गर्भ रुजायला मऊ जागा करतात. म्हणजे दाणा भरायचं काम. आणि यातली एक गंमत म्हणजे प्रोजेस्टेरॉन ज्याला चिकटतं ते रिसेप्टर अस्तरात बसवायचं काम इस्ट्रोजेनचं, त्यामुळे आधी इस्ट्रोजेन येऊन गेलं नसेल तर प्रोजेस्टेरॉन कितीही ओता, फारसं काही होत नाही.

आता रक्त कधी येतं? प्रोजेस्टेरॉन वाढल्यावर नाही, ते उतरल्यावर. पिवळ्या गाठीचं आयुष्य साधारण 14 दिवसांचं, गर्भ राहिला तर तो जे एचसीजी नावाचं हार्मोन सोडतो त्यामुळे ती टिकते, नाहीतर सुकते आणि दोन्ही हार्मोन खाली येतात. अस्तरातल्या मळसूत्रासारख्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, वरचा थर सुटतो, तळाचा तसाच राहतो आणि पुढच्या महिन्याचं अस्तर त्यातूनच उगवतं. यातच प्रोस्टाग्लँडिन नावाची गर्भाशय आवळणारी द्रव्यं सुटतात, पोटात कळा त्यांच्या, म्हणून तर ती कमी करणाऱ्या मेफेनॅमिक अॅसिडच्या गोळीने बरं वाटतं. मार्की नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडिणीच्या डोळ्यात अस्तराचे तुकडे लावून हे सगळं चक्क डोळ्यांनी बघितलं, 1940 साली छापलं. बिचारी माकडीण.

तर गोळीचं कोडं इथे सुटतं. नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं बनवलेलं हार्मोन आहे, 1951 मध्ये मेक्सिकोत तयार झालेलं. जाऊबाईंचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन उतरायच्या बेतात होतं, तेवढ्यात तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा बाहेरून द्यायला सुरुवात केली, अस्तराला उतार जाणवलाच नाही, पाळी थांबून राहिली. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी येतेच. (उशिरा सुरू केली की मग स्पॉटिंग होतं, म्हणजे थोडे थोडे रक्ताचे डाग पडतात, आणि मग गोळीला शिव्या.) पुतणीचं उलटं, तिचं अंडं फुटतच नाही त्यामुळे प्रोजेस्टेरॉन मुळात नाहीच, मग उतरणार काय? तिला पाच दिवस द्यायचं आणि मुद्दाम काढून घ्यायचं, तो काढून घेतलेला उतार म्हणजेच तिची पाळी.

तिच्यासारख्या मुलींचं मला जास्त सांगावंसं वाटतं, कारण "पाळी नाही आली तर बरंच, सुटले" असं त्या म्हणतात. पण इस्ट्रोजेन चालूच असतं ना. भाताला नुसता युरिया मारत राहिलं की पीक हिरवंगार दिसतं, उंच होतं, आणि एका वाऱ्यात लोळतं. तसंच हे अस्तर वाढत वाढत जातं आणि मग कुठेतरी तुकड्यातुकड्याने सुटतं, तेव्हा पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जातं. वर्षानुवर्षं असंच राहिलं तर अस्तराच्या कॅन्सरची भीती वाढते. अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन द्यायचे, त्यातून हा कॅन्सर वाढतो हे 1975 मध्ये पुढे आलं, तेव्हापासून गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध देतात.

बाकी पाळी आणायची गोळी घेण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट करा, या गोळीने गर्भ पडत नाही आणि ढकलायच्या डोसने गर्भ राहायचा थांबेलच असंही नाही. आणि पायात वगैरे कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर मेडिकलमधून परस्पर आणूच नका, डॉक्टरांना विचारा.

पुतणीची शेवटची गोळी आवाहनाच्या दोन दिवस आधी संपली, हिशोब कोणी केलाच नाही, आणि पूजनाच्या दिवशी सकाळी सकाळी तिची पाळी. जाऊबाई पुरण वाटता वाटता म्हणाल्या, "अगं मग डॉक्टरांना विचारून हिच्या अजून चार दिवस चालू नसत्या का ठेवता आल्या?"