ओरिएंटिअरिंग क्लबांची नावं आणि त्यांची लघुरूपं : पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या कॉलेजात एनसीसी केलेल्या मुलाला ओरिएंटिअरिंग हा खेळ समजवायला वेळ लागत नाही. मॅप रीडिंगच्या तासाला त्यानं नकाशा उत्तरेकडे लावून घेतलेला असतो, होकायंत्रावर बेअरिंग (जायच्या दिशेचा कोन) घेतलेलं असतं, पावलं मोजत समोरच्या बाभळीपर्यंत जाऊन आलेला असतो. त्याला पळण्याची जोड दिली की खेळ तयार. रानात ठिकठिकाणी नारिंगी-पांढरी कापडी निशाणं टांगलेली असतात. नकाशावर वर्तुळांनी दाखवलेली ती ठिकाणं ठरलेल्या क्रमानं गाठायची, प्रत्येक ठिकाणी पोचल्याची खूण घ्यायची आणि कमीत कमी वेळात परत यायचं. वाट कोणती धरायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. असल्या खेळाला लागणारी जमीन आपल्याकडे भरपूर आहे. म्हैसमाळचं पठार आहे, बालाघाटाच्या रांगा आहेत, माहूर-किनवटकडे सागाचं रान आहे.

या खेळात माणूस एकटा पळतो, पण निकालपत्रकात त्याच्या नावाशेजारी क्लबाचं नाव असतं, बरेचदा दोन-चार अक्षरांत आवळलेलं. ती अक्षरं कुठून आली हे बघत गेलं की खेळ कुणी सुरू केला आणि कुणाच्या हातून पुढे गेला, याचा माग लागतो. मराठवाड्यात नवे गट उभे करू पाहणाऱ्यांनी हा माग काढावा असं मला मनापासून वाटतं. टी-शर्टवर, बॅनरवर, प्रमाणपत्रांवर एकदा नाव छापलं गेलं की ते बदलणं फार जड जातं.

ओरिएंटिअरिंगची पहिली जाहीर स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत, आजच्या ओस्लोजवळ झाली. आठ जण उतरले होते. अंतर साडेएकोणीस किलोमीटर. पेडर फोस्सुम १ तास ४१ मिनिटांत आला आणि जिंकला. स्पर्धा भरवणाऱ्या क्लबाचं नाव होतं ट्याल्व्हे. तिकडच्या पुराणकथेत मेघगर्जनेचा देव थॉर याचा हा चाकर, पळण्यात कुणाला न आटपणारा. राक्षसांच्या दरबारात त्याची शर्यत लावतात ती ‘विचार’ नावाच्या गड्याशी, आणि तिथे मात्र तो हरतो. आपल्या तालमीत मारुती असतो आणि त्याच्यापुढे ‘मनोजवं मारुततुल्यवेगं’ म्हटलं जातं. मनाच्या वेगाशी स्पर्धा करणारा धावक क्लबाच्या नावात घ्यावा असं नॉर्वेतल्या पोरांनाही वाटलं, हे वाचून मला फार आनंद झाला. ‘जय हनुमान’ नावाचे कबड्डी संघ जिथे गावोगाव आहेत तिथल्या माणसाला ट्याल्व्हे हे नाव परकं वाटायचं कारण नाही.

तेव्हा या खेळासाठी वेगळा क्लब ही कल्पनाच नव्हती. मैदानी खेळांच्या क्लबानं एक दिवस रानात शर्यत घेतली, इतकंच. मूळ कसब तर लष्कराचं. ‘ओरिएंटेरिंग’ हा शब्द १८८६ मध्ये स्वीडनच्या कार्लबर्ग लष्करी अकादमीत वापरात आला असं मानतात, आणि खेळ लोकांत रुजवणारे एर्न्स्ट किलांडर हेही लष्करी अधिकारीच. तरुण पोरं मैदानी खेळांपासून दूर चालली आहेत हे त्यांना दिसत होतं. २५ मार्च १९१९ रोजी त्यांनी स्टॉकहोमच्या दक्षिणेकडच्या जंगलात स्पर्धा घेतली तेव्हा २२० जण आले.

हे दोनशेवीस जण कुठल्या कुठल्या क्लबांतून आले असतील, याचा अंदाज स्वीडनमधल्या जुन्या नावांवरून येतो. त्यांतलं सगळ्यांत पसरलेलं लघुरूप ‘आयएफके’. १८९५ मध्ये स्टॉकहोमच्या दोन शाळकरी मुलांनी, लुई झेटरस्टेन आणि पेर एनेमार्क यांनी, मुलांच्या ‘कमरातेन’ या मासिकात निवेदन दिलं की देशभरातल्या मुलांनी एकाच नावाखाली क्रीडासंघ काढावेत. मासिकाच्या नावाचा अर्थ सोबती, म्हणून संघही सोबत्यांचे : ‘इद्रोट्सफोरेनिंगेन कमरातेर्ना’, म्हणजे सोबत्यांचा क्रीडासंघ, तोच आयएफके. गावोगाव आयएफके निघाले आणि पुढं गावाचं नाव जोडलं गेलं : आयएफके योटेबोर्ग, आयएफके मोरा, आयएफके लिडिंग्यो. फुटबॉलवाल्यांना माहीत असलेला योटेबोर्गचा संघ याच कुळातला. शाळकरी पोरांनी दिलेली तीन अक्षरं सव्वाशे वर्षांनंतरही टिकून आहेत, कारण नाव सगळ्यांचं एक आणि ओळख गावाची, ही वाटणी त्यांनी पहिल्याच दिवशी नीट केली.

आयएफके लिडिंग्योच्या ओरिएंटिअरिंग शाखेपुढं आणखी तीन अक्षरं लागतात, ‘एसओके’. त्यातला ‘एस’ स्कीचा, ‘ओ’ ओरिएंटिअरिंगचा आणि ‘के’ क्लबाचा, कारण स्वीडिशमध्ये क्लब ‘के’नं लिहितात. नॉर्वेतला हाल्डेन एसके हा जगातल्या नावाजलेल्या ओरिएंटिअरिंग क्लबांपैकी एक, पण नावात ओरिएंटिअरिंग कुठेच नाही. एसके म्हणजे स्की क्लब. हिवाळ्यात ज्या रानात बर्फावरून घसरत जायचं त्याच रानात उन्हाळ्यात नकाशा घेऊन पळायचं. माणसं तीच, वाटा त्याच, खोलीही तीच. नाव मात्र हिवाळ्याचं राहिलं.

खेळ स्वतःच्या पायावर उभा राहिला तसे फक्त त्याचेच क्लब निघाले आणि स्वीडनमध्ये ‘ओके’ ही अक्षरं सर्वत्र झाली. पण सगळेच ओके झाल्यावर ओळख पटवायला ती अक्षरं कामाची राहिली नाहीत. वजन पुढच्या शब्दावर आलं. उपसाला शहराच्या क्लबानं तिथल्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव घेतलं : ओके लिन्ने. फिनलंडनं तर अक्षरांची वाट फारशी धरलीच नाही. त्यांच्या क्लबांत निशाणाचं ठिकाण आणि दिशा यांचे रोजचे फिनिश शब्द येतात, ‘रास्ती’ आणि ‘सुउन्ता’. योएन्सू गावचा ‘कालेवान रास्ती’ हा त्यांतला मोठा क्लब. त्यांच्या १९४९ पासून चालत आलेल्या युकोला या रात्रभराच्या रिले स्पर्धेचं नावसुद्धा फिनिश भाषेतल्या एका अभिजात कादंबरीतल्या सात भावांच्या घराचं आहे, म्हणून संघात सात धावक. आपल्या भाषेवर इतका विश्वास ठेवणारी क्रीडासंस्कृती बघितली की मला हेवा वाटतो.

ब्रिटनमध्ये खेळ स्वीडनच्या लोकांनी आणला. १९६२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंकेल्डला स्पर्धा झाली, १९६७ मध्ये देशाचा महासंघ स्थापन झाला. त्या उगमाची खूण नावांत राहिली. ब्रिस्टलच्या क्लबाचं लघुरूप ‘बीओके’. शेवटचं अक्षर इंग्रजी क्लबातल्या ‘सी’चं हवं होतं, त्यांनी मुद्दाम स्वीडिश धर्तीवर ‘के’ ठेवलं. क्लीव्हलंडवाल्यांनीही तेच केलं आणि त्यांची अक्षरं जुळवून ‘क्लॉक’ असा उच्चार झाला. घड्याळाशी झुंजणाऱ्यांना शोभेल असंच नाव. दक्षिण लंडनच्या क्लबाची अक्षरं जुळून ‘स्लो’ होतं, न्यूकॅसल-टाइनसाइडची ‘नाटो’. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या क्वांटिको क्लबाचं ‘क्यूओसी’ हे नाव मरीन सैनिकांच्या तळावरून आलेलं. म्हणजे तिथं पुन्हा छावणीच.

हे आवळून लिहिणं सुरू का झालं, याचं उत्तर खेळाडूच्या हातातल्या कार्डात सापडतं. पोचल्याची नोंद घेणारी इलेक्ट्रॉनिक चिप येण्याआधी प्रत्येकाकडे जाड कागदाचं एक कार्ड असे. निशाणापाशी टोचणी ठेवलेली असायची, तिच्या सुयांची ठेवण दर ठिकाणी वेगळी. कार्डाच्या नेमक्या चौकोनात ती दाबून खूण घ्यायची. कार्डाच्या कडेला फाडून घ्यायची एक पट्टी असे. तिच्यावर नाव, गट, क्लब आणि वेळ. शेवटच्या रेषेपाशी दोन झाडांना दोरी बांधायचे आणि धावक येतील तशा या पट्ट्या वेळेच्या क्रमानं दोरीवर लावत जायचे. मध्ये कुणी जास्त वेगवान आला की बाकीच्या पट्ट्या सरकवायच्या. तोच निकालफलक. पावसात भिजलेल्या, बोटभर रुंदीच्या पट्टीवर पेन्सिलीनं क्लबाचं लांबलचक नाव कोण लिहिणार? शिवाय दोरीपासून चार पावलं लांब उभ्या असलेल्या माणसाला ते वाचता यायला हवं. लघुरूप हे अशा गरजेतून पक्कं झालं. पुढे चिप आली, निकाल संगणकावर गेले, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या माहिती-नमुन्यात क्लबाचं पूर्ण नाव आणि छोटं नाव यांना वेगवेगळे रकाने मिळाले. चेक लोकांनी ही शिस्त सगळ्यांत पुढे नेली : प्रत्येक क्लबाला तीन अक्षरं, खेळाडूच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात त्या अक्षरांनी आणि पुढे जन्मवर्षाचे दोन आकडे.

आता आपल्याकडे वळू. लघुरूपांची सवय मराठवाड्याला नवी नाही. उलट आपल्याकडे ती तीन निरनिराळ्या वाटांनी आलेली आहे.

पहिली वाट संस्थांची. सरस्वती भुवन म्हणजे ‘सभु’, मराठवाडा शिक्षण प्रसारक मंडळ म्हणजे ‘मशिप्र’. इथं शब्दाचं पहिलं देवनागरी अक्षर मात्रेसकट उचललं जातं, त्यामुळे जे तयार होतं ते तोंडात बसतं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला निघालं आणि पाहता पाहता ‘स्वारातीम’ झालं. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून ‘मकृवि’ होतं, २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचं नाव लागलं आणि ‘वनामकृवि’ झालं. २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्यासाठी झालेला लढा, त्यात गेलेले जीव आणि जळालेली घरं ज्यांना आठवतात त्यांना ‘बामु’ ही इंग्रजी आद्याक्षरांतून आलेली दोन अक्षरं नुसती सोयीची वाटत नाहीत.

नावाचं मोल इथे त्याहून जुनं आहे. निजामी राजवटीत सभा घ्यायला परवानगी लागे, आखाडा काढायलाही लागे. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर सुरू होण्याआधीच बंदी आली, आणि नंतरच्या वाटाघाटींत सरकारला ‘काँग्रेस’ हे नावच खुपत होतं. ज्या भागात संघटनेच्या नावासाठी माणसं तुरुंगात गेली तिथं ‘नावात काय आहे’ असं म्हणून पुढे जाता येत नाही.

दुसरी वाट रेल्वेची. परभणी ‘पीबीएन’, नांदेड ‘एनईडी’, लातूर ‘एलयूआर’, पूर्णा ‘पीएयू’, आणि जालना नुसतं ‘जे’. एका अक्षरात अख्खं गाव! तिसरी वाट गाड्यांच्या पाट्यांची, आणि ती तरुणांची सगळ्यांत लाडकी. बीडची पोरं ‘तेवीस’, लातूरची ‘चोवीस’, नांदेडची ‘सव्वीस’. पुण्यातल्या पार्किंगमध्ये एमएच २३ दिसली की बीडचा माणूस थांबून बघतोच. उद्या लातूरच्या एखाद्या गटानं टी-शर्टवर मोठा २४ छापला तर मला तो आयएफकेच्या परंपरेतलाच वाटेल : गावाची ओळख, तीही एका नजरेत वाचता येणारी.

पण अडचणीही याच वाटांवर आहेत. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद ‘मसाप’ आणि आपली मराठवाडा साहित्य परिषदही ‘मसाप’. संदर्भ नसेल तर बातमी कुणाची ते कळत नाही. ‘म’पासून नाव सुरू करणाऱ्या प्रत्येक क्लबापुढे हा धोका आहे, कारण महाराष्ट्रही ‘म’ आणि मराठवाडाही ‘म’. जिल्ह्याचं नाव घ्यावं तर २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या इंग्रजी आद्याक्षरांवर बेतलेली लघुरूपं तिथं अर्थाला सुटली. शिवाय ‘छत्रपती संभाजीनगर’ पूर्ण लिहिलं की निकालपत्रकाचा रकाना तिथंच भरतो. म्हणून कुठे ‘छ. संभाजीनगर’ दिसतं, कुठे ‘सीएसएन’. ‘देवगिरी’ सगळ्यांनाच आवडतं, पण कॉलेज, रेल्वेगाडी, बँक सगळीकडे तेच आहे, आणि रोमन लिपीत कुणी त्यात ‘व्ही’ घालतं तर कुणी ‘ओ’.

माझं मत विचाराल तर डोंगर, नदी, पठार यांची नावं घ्यावीत. हा खेळ जमिनीचा आहे आणि गोदा किंवा बालाघाट कुठल्याही सरकारी आदेशानं बदलत नाहीत. लघुरूप आधी देवनागरीत ठरवावं, मोठ्यानं उच्चारून बघावं, मग रोमन अक्षरं ठरवावीत, आणि दोन्ही स्थापनेच्या ठरावात लिहून ठेवावीत. रिलेत एकाच क्लबाचे तीन संघ उतरले तर युकोलात करतात तसं नावापुढे १, २, ३ लावावं, ‘अ’ आणि ‘ब’ लावू नये, नाहीतर ते लघुरूपातच मिसळून जातं. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात संस्थेची नोंदणी करताना आधीच्या संस्थेशी जुळणारं नाव चालत नाही, म्हणून दोन-तीन पर्याय हाताशी ठेवून जावं. ती नोंदणी पूर्ण नावाची होते. लघुरूप तिथं कुणी तपासत नाही, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातल्या गटानं तीच अक्षरं घेतलेली नाहीत ना, हे क्लबानंच फोन करून विचारून घ्यायचं असतं.