जिप्सम टाकलं की जमीन भुसभुशीत होते?

गोव्यात लॉन लावताना ‘कडक मातीत जिप्सम टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. बहुतेक ठिकाणी तो फुकट जातो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो, म्हणून सोडियममुळे चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) झालेल्या जमिनीत ते कामाचं. आपली जांभ्याची तांबडी माती कडक होते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे आणि सेंद्रिय अंश पावसाने धुपल्यामुळे. तिथे हुसकवायला सोडियमच नसतो. उलट जास्तीच्या जिप्समबरोबर मॅग्नेशियम आणि पोटॅश निचरून जातं.

खात्री करायची तर वाळलेलं ढेकूळ पेलाभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. चोवीस तासांनी त्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरला तरच जिप्समचा विचार करा. ढेकूळ नुसतं विरघळून खाली बसलं आणि पाणी नितळ राहिलं, तर पैसे वाचवा.

जिप्समने आम्लताही कमी होत नाही. त्यासाठी चुनखडीची भुकटी, तीही माती तपासूनच. शेणखतासोबत ती एकाच वेळी टाकू नका, खतातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. कडकपणावर उपाय कंपोस्ट: ५ सेंटिमीटरचा थर वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळा. पावसाळ्यानंतर पुन्हा घालावं लागतंच.

भुईमुगाला आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरणारे, शेंग धरणारे दांडे) सुटताना जिप्सम देतात ते शेंगा भरण्यासाठी, माती मोकळी करायला नव्हे.